सेंटर स्पीकर निवडताना: आधी सोफा मोजा, मग स्पीकर बघा

घरी होम थिएटर लावलेल्या जवळजवळ प्रत्येकाची एक तक्रार ठरलेली असते. पडद्यावर स्फोट झाला की खिडक्यांची तावदानं थरथरतात, आणि पुढच्याच प्रसंगात दोघं हळू आवाजात बोलायला लागले की रिमोट शोधायची धावपळ. या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा सेंटर स्पीकरपाशी, म्हणजे टीव्हीच्या खाली मधोमध ठेवलेल्या स्पीकरपाशी, सापडतं. कधी तो चुकीचा निवडलेला असतो. कधी चांगला असूनही कपाटाच्या खणात कोंबलेला असतो. आणि कधी त्याचा बिचाऱ्याचा काही दोषच नसतो, गोम रिसीव्हरच्या, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या, सेटिंगमध्ये असते.

५.१ (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) किंवा त्याहून मोठ्या ध्वनिमिश्रणात बहुतेक संवाद याच एका स्पीकरमधून येतात. तरी खरेदीच्या यादीत तो शेवटी असतो. पुढचे दोन उंच स्पीकर हौसेने घेतले जातात, सबवूफरवर चर्चा झडतात, आणि उरलेल्या बजेटमध्ये 'टीव्हीखाली मावेल असा' एक सेंटर पदरात पाडून घेतला जातो. मला विचाराल तर पैशांची ओढाताण असेल तेव्हा मागचे सराउंड स्पीकर साधे घ्या, सेंटरवर हात आखडता घेऊ नका.

हा लेख नव्याने सिस्टीम उभी करणाऱ्यांसाठी आहे. रिसीव्हर आणि पुढची जोडी तुमच्याकडे आहे किंवा ठरली आहे, असं मी धरून चालतो.

## हाताशी काय हवं

- मोजपट्टी, कागद, पेन्सिल
- पुढच्या दोन स्पीकरचं माहितीपत्रक: मॉडेल, मालिका, सेन्सिटिव्हिटी, इम्पीडन्स (शेवटच्या दोन्हींचा अर्थ सहाव्या पायरीत)
- रिसीव्हरचं मॅन्युअल, विशेषतः किती ओहमचे स्पीकर चालतात ते पान
- टीव्ही युनिटच्या खणाची आतली रुंदी, उंची आणि खोली
- फोनमध्ये आवाजाची पातळी दाखवणारं एखादं ॲप
- पिंक नॉइजची एक फाइल, म्हणजे सगळ्या पट्ट्यांतला एकसारखा 'श्श्श' आवाज. ती सहज मिळते
- तुम्ही अनेकदा पाहिलेला, संवादांनी भरलेला एक चित्रपट. ज्याचे संवाद पाठ आहेत असा मात्र नको. पाठ असलेले शब्द कानांआधी डोकंच ऐकून टाकतं

खरेदी झाल्यावर बिल, वॉरंटी कार्ड आणि मूळ खोकं तिन्ही जपून ठेवा. खोक्याचं महत्त्व शेवटच्या पायरीत कळेल.

## १. सेंटर खरंच हवा आहे का, ते ठरवा

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण काहींना सेंटर लागतच नाही. तुम्ही एकटे पाहत असाल, बरोबर मधोमध बसत असाल आणि पुढची जोडी चांगली असेल, तर रिसीव्हरमध्ये 'सेंटर नाही' असं सांगा. मग रिसीव्हर संवाद डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये सारखे वाटून देतो आणि आवाज मधूनच आल्यासारखा वाटतो. याला फँटम सेंटर म्हणतात. स्वस्त, बेमेल सेंटर आणून बसवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

फँटम सेंटरची अडचण सोफ्याच्या टोकाला कळते. तिथे बसलेल्या माणसाला जवळच्या स्पीकरचा आवाज आधी आणि जोरात पोचतो, त्यामुळे पडद्याच्या मधोमध उभा असलेला नायक त्याला कोपऱ्यातून बोलताना ऐकू येतो. मधे बसलेल्यालाही थोडी किंमत मोजावी लागते. प्रत्येक कानाला दोन्ही स्पीकर ऐकू येतात, लांबच्याचा आवाज किंचित उशिरा पोचतो आणि त्या गडबडीत २००० हर्ट्झच्या आसपास आवाज थोडा खचतो. शब्द ओळखायला नेमका हाच भाग लागतो.

मधल्या वाहिनीची गरज लोकांना फार पूर्वी जाणवली होती. १९३३ मध्ये बेल लॅबोरेटरीजने फिलाडेल्फियात वाजणारा ऑर्केस्ट्रा तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तेव्हा डावी, मधली आणि उजवी अशा तीन वाहिन्या वापरल्या होत्या. सभागृह असो की दिवाणखाना, सगळ्यांना मधली खुर्ची मिळत नाही.

तेव्हा दोनपेक्षा जास्त माणसं नियमित पाहत असतील तर सेंटर घ्या आणि पुढे वाचा.

## २. सोफा मोजा

बहुतेकजण सुरुवात टीव्ही युनिटच्या खणापासून करतात. मी म्हणतो, सोफ्यापासून करा. कोणत्या प्रकारचा सेंटर तुम्हाला चालेल, हे खोलीच्या आकारापेक्षाही बसणाऱ्या माणसांच्या कोनावर ठरतं.

दोन मापं घ्या. पहिलं: टीव्हीच्या मध्यापासून सरळ समोर, सोफ्यावर डोकं जिथे टेकतं तिथपर्यंतचं अंतर. दुसरं: त्या मधल्या रेषेपासून सर्वांत टोकाला बसणाऱ्या माणसाच्या डोक्यापर्यंतचं आडवं अंतर. आता दुसऱ्याला पहिल्याने भागा.

उत्तर ०.२७ च्या आसपास आलं तर टोकाचा माणूस सेंटरच्या अक्षापासून साधारण १५ अंश बाजूला आहे. ०.३६ म्हणजे २० अंश, ०.४७ म्हणजे २५, आणि ०.५८ म्हणजे ३०. समजा अंतर २.५ मीटर आहे आणि टोकाचं डोकं मधल्या रेषेपासून १ मीटरवर. ०.४ आलं, म्हणजे जवळपास २२ अंश. तीन माणसांचा सोफा आणि मध्यम आकाराची खोली असली की हे उत्तर बऱ्याचदा येतं.

हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुढचा सगळा निर्णय त्यावर आहे.

## ३. जाळी काढून ड्रायव्हरची मांडणी बघा

या पायरीला वेळ द्या. सेंटर स्पीकर बाहेरून सगळे सारखेच आडवे डबे दिसतात. फरक जाळीमागच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागांमध्ये असतो: मोठे वूफर खालचे आणि मधले सूर वाजवतात, छोटा ट्वीटर वरचे.

दोन वूफर, मधे ट्वीटर. सर्वांत जास्त विकला जाणारा प्रकार हाच. डावीकडे एक वूफर, उजवीकडे तसाच दुसरा, मधे ट्वीटर. दोन्ही वूफर एकच आवाज, एकाच पट्ट्यात वाजवतात. ही मांडणी ध्वनितंत्रज्ञ जोसेफ डी'ॲपोलिटो यांनी १९८० च्या दशकात नावारूपाला आणली ती उभ्या स्पीकरसाठी. उभी असताना ती डाव्या-उजव्या श्रोत्यांना सारखाच आवाज देते. टीव्हीखाली मावावी म्हणून तीच आडवी केली की तिचा दोष नेमका सोफ्याच्या दिशेने फिरतो.

कसा, ते बघा. मधोमध बसलात तर दोन्ही वूफर तुमच्यापासून सारख्याच अंतरावर असतात. बाजूला सरकलात की एक जवळ येतो, दुसरा लांब जातो. या दोन अंतरांमधला फरक ज्या ध्वनीच्या अर्ध्या तरंगलांबीइतका होतो, तो ध्वनी एकाकडून वर येताना दुसऱ्याकडून खाली येतो आणि दोघं मिळून तो खाऊन टाकतात. वूफरचे मध्यबिंदू एकमेकांपासून ३० सेंटिमीटरवर असतील आणि तुम्ही वरच्या उदाहरणातल्या २२ अंशांवर बसला असाल, तर अंतरांतला फरक सुमारे ११ सेंटिमीटर होतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला की खड्डा पडतो १५०० हर्ट्झच्या आसपास. वूफर २००० ते २५०० हर्ट्झपर्यंत वाजत असतील, आणि या प्रकारात ते सहसा वाजतातच, तर हा खड्डा सरळ संवादाच्या पट्ट्यात येतो.

याचा अर्थ असा स्पीकर टाकाऊ आहे का? नाही. टोकाचा माणूस १० अंशांच्या आत असेल तर तोच खड्डा ३३०० हर्ट्झच्याही वर सरकतो. तोवर आवाज ट्वीटरच्या ताब्यात गेलेला असतो आणि ट्वीटर एकच आहे. म्हणजे दोन माणसं जवळजवळ बसून लांबून पाहत असतील तर हा प्रकार उत्तम चालतो. वूफर जितके लहान आणि एकमेकांना चिकटून, तितका तो अधिक सोसतो.

तीन-मार्गी, म्हणजे आवाज तीन पट्ट्यांत वाटलेला. बाजूला दोन वूफर, पण मधे वर ट्वीटर आणि त्याच्या खाली एक छोटा मिडरेंज. इथे वूफर साधारण ४०० ते ६०० हर्ट्झच्या आसपास काम थांबवतात आणि संवादाचा गाभा मधला एकटा मिडरेंज वाजवतो. वूफर खड्डा पाडण्याच्या पट्ट्यापर्यंत पोचतच नाहीत. कोन १५ अंशांच्या वर असेल तर मी आधी हा प्रकार बघेन. तोटा: डबा उंच होतो, महाग होतो आणि खणात मावत नाही.

कोॲक्शियल. ट्वीटर मिडरेंजच्या शंकूच्या बरोबर मध्यभागी बसवलेला असतो. केईएफ कंपनीचा युनि-क्यू ड्रायव्हर यातलं सर्वांत ओळखीचं उदाहरण. तो १९८८ पासून आहे. आवाज एकाच बिंदूतून निघत असल्यामुळे डावीकडे बसा, उजवीकडे बसा, खाली गादीवर बसा, फारसा फरक पडत नाही. पण जाळी काढून नीट बघा. मधे कोॲक्शियल आणि बाजूला दोन वूफर असतील, तर ते वूफर कुठे थांबतात हे माहितीपत्रकात तपासा. थांबत नसतील तर पहिल्या प्रकारचाच त्रास इथेही होणार.

अडीच-मार्गी. दिसायला पहिल्या प्रकारासारखाच, पण एक वूफर लवकर थांबतो आणि दुसरा ट्वीटरपर्यंत साथ देतो. खड्डा उथळ होतो, पूर्ण जात नाही. मधला मार्ग म्हणून ठीक.

उभा बुकशेल्फ. पुढच्या जोडीसारखाच तिसरा बुकशेल्फ (फळीवर मावणारा छोटा स्पीकर), मधे उभा ठेवलेला. आवाजाच्या दृष्टीने याच्याइतका सरळ उपाय नाही, कारण तीनही स्पीकर हुबेहूब एकच. प्रोजेक्टर आणि ध्वनी आरपार जाणारा पडदा असेल तर डोळे झाकून हेच करा: पडद्यामागे तीन सारखे स्पीकर, एकाच उंचीवर. टीव्हीवाल्यांना मात्र जागेची अडचण येते. शिवाय बरेच बुकशेल्फ जोडीनेच विकले जातात, सुटा एक मिळेल का ते आधी विचारा.

इथे दोन सापळे आहेत. बुकशेल्फ आडवा करून ठेवू नका. ट्वीटर एका बाजूला आणि वूफर दुसऱ्या बाजूला गेला की सोफ्याच्या दोन टोकांना दोन वेगळे आवाज मिळतात. आणि 'एकाने भागत नाही' म्हणून दोन सेंटर शेजारी-शेजारी लावू नका. दोन वूफरची जी भानगड वर सांगितली, तीच आता दोन डब्यांमध्ये होईल.

## ४. पुढच्या जोडीशी सूर जुळवा

पडद्यावर गाडी डावीकडून उजवीकडे जाते तेव्हा तिचा आवाज तीन स्पीकरमधून सरकतो. मधल्याचा पोत वेगळा असेल तर गाडी मधेच बदलल्यासारखी वाटते. चालता चालता बोलणाऱ्या माणसाचंही तेच होतं.

सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतला सेंटर घेणं. 'कंपनी तीच आहे' एवढ्यावर भागत नाही. एकाच कंपनीच्या स्वस्त आणि महाग मालिकांचे ट्वीटर, क्रॉसओव्हर (ड्रायव्हरमध्ये सूर वाटून देणारं सर्किट), सगळंच वेगळं असू शकतं. 'दोन्हींत सिल्क डोम ट्वीटर आहे' हा विक्रेत्याचा आवडता युक्तिवादही फारसा कामाचा नाही. आवाज ठरतो तो ड्रायव्हर, डबा आणि क्रॉसओव्हर मिळून.

तुमची जोडी जुनी असेल आणि तिची मालिका बंद झाली असेल तर वापरलेला सेंटर शोधा. सेंटर सहसा कपाटात गुपचूप बसलेला असतो, त्यामुळे तो चांगल्या अवस्थेत मिळायची शक्यता असते. वूफरच्या कडेचा रबर किंवा फोम बोटाने हलकेच दाबून तडे गेलेत का पाहा, ट्वीटर आत चेपलेला नाही ना बघा. काहीच मिळालं नाही, तर त्याच कंपनीच्या नंतरच्या समान पातळीच्या मालिकेतला सेंटर घेऊन रिसीव्हरच्या कॅलिब्रेशनने जमेल तेवढं जुळवून घ्या. पोत थोडा वेगळा राहील. तरी शब्द स्वच्छ कळत असतील, तर सूर थोडा बेमेल असण्याचं मी फार मनावर घेणार नाही.

## ५. खण, पोर्ट आणि मापं

माहितीपत्रकातली खोली बऱ्याचदा फक्त डब्याची असते. मागचे तार जोडायचे खांब आणि तारेचा वळसा धरून पाच-सात सेंटिमीटर जास्त लागतात. टीव्ही पायांवर उभा असेल तर दोन पायांमधली जागा आणि पडद्याच्या खालच्या कडेपर्यंतची उंची आत्ताच मोजा. सेंटरने रिमोटचा सेन्सर झाकला गेला, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा नेहमीचा आहे.

पोर्ट, म्हणजे हवा बाहेर सोडणारं भोक, मागच्या बाजूला असेल आणि स्पीकर बंद पाठीच्या खणात जाणार असेल तर खालचे सूर फुगतात आणि आवाज गुबगुबीत होतो. अशा जागेसाठी पुढे पोर्ट असलेला किंवा पूर्ण बंद डब्याचा सेंटर बघा. काही कंपन्या पोर्टमध्ये घालायला फोमचा बोळा देतात, तोही उपयोगी पडतो.

## ६. आकडे कसे वाचायचे

वॅट. डब्यावरचा '२०० वॅट' आकडा जवळजवळ विसरून जा. तो स्पीकर किती सोसेल याचा अंदाज आहे, किती मोठा वाजेल याचा नाही.

सेन्सिटिव्हिटी. हा आकडा महत्त्वाचा. २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात, ते तो सांगतो. दर ३ डेसिबलमागे लागणारी शक्ती दुप्पट होते. ९१ डेसिबलच्या स्पीकरला जिथे १० वॅट पुरतात, तिथे ८५ वाल्याला ४० लागतात. पुढच्या जोडीपेक्षा सेंटर दोन-तीन डेसिबलने कमी असला तर रिसीव्हर ते भरून काढतो. फरक सहा-सातचा असेल आणि खोली मोठी असेल तर विचार करा.

इम्पीडन्स. म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध, तो ओहममध्ये मोजतात. रिसीव्हरच्या मागे आणि मॅन्युअलमध्ये किमान ओहम लिहिलेले असतात. ४ ओहमचा सेंटर आणि '६ ते १६ ओहम' लिहिलेला रिसीव्हर अशी जोडी मोठ्या आवाजात रिसीव्हर तापवते आणि कधी तो मधेच स्वतःला बंद करून घेतो.

फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स. '४५ हर्ट्झ ते २५ किलोहर्ट्झ' असं नुसतंच लिहिलेलं असेल आणि पुढे अधिक-उणे ३ डेसिबल असा उल्लेख नसेल, तर त्या ओळीला अर्थ नाही. खालच्या टोकाचा हव्यासही नको. सबवूफर असेल तर ८० हर्ट्झखालचं काम तोच करणार आहे. संवाद कळण्यासाठी खर्ज लागत नाही: जुन्या टेलिफोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा, तरी पलीकडचा माणूस काय म्हणतोय ते कळायचं. स, श, फ, त ही व्यंजनं ओळखू येतात ती मुख्यतः २००० हर्ट्झच्या वरच्या ऊर्जेमुळे. तिथे आवाज स्वच्छ हवा.

स्वतंत्र मोजमापांचे आलेख मिळाले तर सोन्याहून पिवळं. सीटीए-२०३४ या स्पीकर मोजण्याच्या प्रमाणित पद्धतीने केलेली मोजणी असेल तर आडव्या दिशेचा आलेख उघडा आणि तुमच्या कागदावरच्या कोनाला १००० ते ३००० हर्ट्झमध्ये दरी पडली आहे का, एवढंच बघा.

## ७. ऐकून घ्या, पण टोकाला बसून

दुकानात तुम्हाला मधोमध, उत्तम खुर्चीवर बसवतात. तिथे सगळेच सेंटर चांगले वाटतात. थोडा वेळ ऐका आणि मग उठा.

फक्त सेंटर चालू ठेवून पिंक नॉइज लावायला सांगा आणि स्पीकरकडे तोंड ठेवून आडवे चालत जा, तुमच्या कोनापर्यंत आणि परत. चांगल्या सेंटरचा 'श्श्श' थोडा मंद होतो, पण त्याचा रंग तोच राहतो. वाईटाचा रंग पावलागणिक बदलतो. मधेच कुणीतरी स्पीकरसमोर ओंजळ धरावी तसा तो पोकळ होतो आणि पुढच्या पावलाला परत उघडतो. हे एकदा ऐकलं की विसरत नाही.

मग संवाद लावा. बाईचा आवाज, जाड पुरुषी आवाज आणि पार्श्वसंगीत चालू असतानाचं बोलणं, तिन्ही ऐका. जाड आवाज छातीतून घुमल्यासारखा येत असेल तर तो दोष त्या जागेचाही असू शकतो. 'स' कानाला टोचत असेल तर मात्र तो घरीही टोचेल. आवाजाची पातळी घरी ठेवाल तेवढीच ठेवायला सांगा. जोरात वाजणारा स्पीकर नेहमीच जास्त चांगला वाटतो आणि विक्रेत्यांना हे ठाऊक असतं.

ऐकायची सोय नसेल तर परतीची मुदत असलेल्या ठिकाणाहूनच घ्या.

## ८. बसवणं

- खणात ठेवायचा असेल तर पुढची कड फळीच्या कडेच्या बरोबरीने किंवा बोटभर पुढे आणा. आत सरकवलेल्या स्पीकरचा आवाज फळीवर आणि बाजूंवर आपटून येतो.
- कानाच्या दिशेने तिरका करा. स्पीकर जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर, कान १०० सेंटिमीटरवर आणि अंतर २.५ मीटर असेल तर १२ अंशांचा तिरपेपणा हवा. ३० सेंटिमीटर खोल डब्यासाठी याचा अर्थ पुढची कड सहा-साडेसहा सेंटिमीटर उचलायची. रबरी पाचर वापरा, डबा मागे घसरणार नाही हे तपासा. तीन-मार्गी किंवा उभ्या बुकशेल्फला हा तिरपेपणा जास्त गरजेचा असतो, कारण त्यांचे ड्रायव्हर एकावर एक असतात आणि त्यांचा दोष वर-खाली दिसतो.
- डब्याखाली रबरी पाय लावा, नाहीतर फळी आणि काचेचं दार सोबत वाजू लागतं.
- तार १६ गेजची पुरते. लांब ओढायची असेल किंवा स्पीकर ४ ओहमचा असेल तर त्याहून जाड, १४ गेजची. लाल ते लाल, काळी ते काळी. सेंटरची उलटी जोडली तर आवाज बंद होत नाही, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण डाव्या-उजव्याबरोबर वाजताना तो पातळ आणि भरकटलेला वाटतो.

## ९. रिसीव्हरमधली सेटिंगं

आधी ऑटो कॅलिब्रेशन चालवा. माइक कानाच्या उंचीवर, स्टँडवर. हातात किंवा सोफ्याच्या पाठीला टेकवून नको. खोलीत पंखा, एसी बंद. मग त्याने काय ठरवलं ते उघडून तपासा, कारण तो काही वेळा भलतंच ठरवतो.

सेंटर 'स्मॉल' असायला हवा, क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झ. स्पीकर छोटा असेल तर १०० सुद्धा चालेल. रिसीव्हरने 'लार्ज' ठरवलं असेल तरी सबवूफर असताना 'स्मॉल'च करा, म्हणजे सेंटरवरचा भार हलका होतो. अंतर मोजपट्टीने पडताळा. ध्वनी एका मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो, त्यामुळे अर्ध्या मीटरची चूक कानाला जाणवू शकते. टेस्ट टोन लावून तीनही पुढचे स्पीकर फोनच्या ॲपवर सारख्या पातळीला आहेत का बघा. ॲपचा आकडा खरा असेलच असं नाही, पण तिघांची तुलना करायला तो पुरतो. त्यानंतर सेंटर एक ते तीन डेसिबलने वाढवायला हरकत नाही. अनेकजण वाढवतात.

कॅलिब्रेशनकडून चमत्काराची अपेक्षा मात्र ठेवू नका. तिसऱ्या पायरीत पाहिलेला खड्डा फक्त टोकाच्या जागांवर असतो. तो भरायला त्या पट्ट्याचा आवाज वाढवला, तर मधोमध बसलेल्याला तेवढाच भाग ओरडल्यासारखा ऐकू येईल आणि टोकाला तरीही खड्डा राहीलच.

## १०. तरीही शब्द कळत नसतील तर

नवा स्पीकर शोधण्याआधी या क्रमाने जा.

पहिलं, संवाद खरंच सेंटरमधून येताहेत का? सेंटरला कान लावा. बऱ्याचदा स्ट्रीमिंग उपकरण किंवा टीव्ही दोनच वाहिन्या पाठवत असतो आणि सेंटर मुका बसलेला असतो. टीव्हीच्या ऑडिओ आउटपुटमध्ये 'पीसीएम' निवडलेलं असेल तर 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू' करून पाहा. ॲपमध्ये ५.१ चा ऑडिओ ट्रॅक निवडा. मूळ कार्यक्रमच स्टिरिओ असेल तर रिसीव्हरवर डॉल्बी सराउंड किंवा डीटीएस न्यूरल:एक्स लावा, तो मधला आवाज सेंटरला देतो.

दुसरं, रात्री कमी आवाजात पाहत असाल तर डायनॅमिक रेंज कमी करणारं सेटिंग लावा. 'नाइट मोड' किंवा तत्सम नावाने ते असतं. स्फोट खाली येतात, कुजबुज वर येते. शुद्धतावादी नाकं मुरडतात. झोपलेल्या घरात मी ते बिनदिक्कत वापरतो.

तिसरं, खोली. फरशी उघडी, भिंती रिकाम्या, पडदे नाहीत, अशा खोलीत टाळी वाजवा. मागे झणकार उरत असेल तर शब्दांची टोकं त्यात विरघळताहेत. सेंटर आणि सोफा यांच्यामध्ये जाड गालिचा आणि बाजूच्या भिंतींवर भरगच्च पडदे, एवढ्यानेही खूप फरक पडतो, आणि स्पीकर कितीही महाग घेतला तरी तो हे काम करू शकत नाही.

चौथं, एकदा टोकाला बसून आणि एकदा मधे बसून तोच प्रसंग पाहा. मधे शब्द स्वच्छ आणि टोकाला गढूळ असतील, तर स्पीकरचा प्रकारच तुमच्या कोनाला चालणारा नाही. सोफा थोडा मागे सरकवता आला तर आधी तो सरकवा. अंतर वाढलं की कोन कमी होतो. जागाच नसेल तर परतीच्या मुदतीत स्पीकर परत करा. मूळ खोकं, फोमचे दोन्ही तुकडे आणि जाळीची पिशवी एकत्र ठेवलेली असली की दुकानदाराला नाही म्हणायला कारण उरत नाही. ट्वीटरची बाजू खोक्यावरच्या बाणाप्रमाणे वर किंवा आतल्या बाजूला ठेवूनच पॅक करा. परतीच्या प्रवासात चेपलेला डोम तुमच्याच माथी येतो.